आधी नमुना की आधी गोळी?

ऑपरेशननंतर कंबरेच्या हाडात जंतू शिरले तर पहिलं पाऊल कोणतं टाकायचं, यावर एकाच घरातल्या दोन डॉक्टरांचं पटत नाही. मामांचा माणमध्ये दवाखाना आहे, तीसेक वर्षांचा. भाची सूक्ष्मजीवशास्त्रात एम.डी. करून पिंपरीतल्या एका मोठ्या रुग्णालयाची प्रयोगशाळा सांभाळते. दोघंही मी बनवलेली पात्रं आहेत, आणि ज्याच्यावरून ते भांडतात तो पेशंटही. वाद तेवढा बनवलेला नाही. हाडांच्या वॉर्डात तो रोज होतो, फक्त इतक्या मोकळेपणाने होत नाही.

हे माण साताऱ्याचं नव्हे. मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीला खेटून असलेलं हे गाव. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा इथल्याच शेतांवर उभा राहिला, शिवाजीनगरला जाणाऱ्या मेट्रोची सुरुवात आणि तिचा डेपोही इथलाच. बांधकामं थांबत नाहीत, म्हणून डंपर आणि सिमेंटचे मिक्सर थांबत नाहीत, आणि त्यांच्यामधून वाट काढत दुचाक्या शिफ्टला जात असतात. तरुण माणसाचं कंबरेचं हाड घरात पाय घसरून सहसा मोडत नाही. त्याला असा मोठा दणकाच लागतो.

मामांचा पेशंट त्यातलाच. बत्तीस वर्षांचा, चिंचवडच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत सीएनसी मशीनवर कामाला, राहायला बोडकेवाडीत भाड्याने. पहाटेच्या शिफ्टला जाताना डंपरने उडवलं. खुब्याची वाटी फुटली होती, ती प्लेट आणि स्क्रू घालून जोडली. टाके निघाले, दोन महिने बरे गेले. तिसऱ्या महिन्यात जांघेत ठणका सुरू झाला आणि कुल्ल्यावरच्या व्रणाच्या खालच्या टोकाला बारीक भोक पडलं. रोज लेंग्याला रुपयाएवढा डाग.

मामा: पाच दिवसांचं ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह दिलं, भोक सुकलं. पंधरा दिवसांनी परत वाहायला लागलं. परत दिलं, परत सुकलं. आता तिसऱ्यांदा आलाय, आणि तू म्हणतेस गोळी देऊ नका, नुसतं पाठवून द्या. त्या माणसाला मी सांगू काय?

भाची: सांगा की दोनदा बरं झालं नाही, दोनदा झाकलं गेलं. मामा, ते भोक कातडीचं नाहीच. आत हाडापासून निघालेल्या वाटेचं ते बाहेरचं तोंड. तोंड मिटलं की पू आत साठतो, एवढंच होतं.

मामा: ते मला कळतं गं. नाडीव्रण सुश्रुतालाही ठाऊक होता. पण ताप नाही. पांढऱ्या पेशी नॉर्मल. एक्स-रेत प्लेट जागच्या जागी. सीआरपी जरासा वाढलेला. एवढ्या भांडवलावर मोठ्या दवाखान्यात पाठवला, तर तिथला शिकाऊ डॉक्टर वरवरचं इन्फेक्शन आहे म्हणून माझ्याकडेच परत पाठवतो. दिवसभराचा खाडा, रिक्षाचं भाडं, आणि हातात काय, तर ड्रेसिंग करत राहा म्हणून चिठ्ठी.

भाची: परत पाठवणाऱ्याचं चुकतं. हाडं जोडल्यानंतरच्या संसर्गाचं निदान कसं करायचं यावर जगभरच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये एकमताने निकष ठरवलेत. त्यात साफ लिहिलंय की जखमेची वाट हाडापर्यंत किंवा प्लेटपर्यंत पोचत असेल तर संसर्ग आहेच. मग सीआरपी काहीही येवो. रक्ताच्या तपासण्या संशय वाढवायला असतात, संशय मिटवायला नाही.

इथे भाचीला दुजोरा द्यायला हवा, कारण या आजारात माणसं फसतात ती नेमकी नॉर्मल आलेल्या रिपोर्टांमुळे. ऑपरेशननंतर सीआरपी, म्हणजे रक्तातला सुजेचा आकडा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतो आणि दोन-तीन आठवड्यांत उतरतो. उतरलेला आकडा पुन्हा चढू लागला तर कान टवकारायचे. ईएसआर मात्र संसर्ग नसतानाही महिनोन्‌महिने वर राहू शकतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. एक्स-रे तर फारच उशिरा बोलतो. हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज निघून गेल्याशिवाय त्यात फारसं काही दिसत नाही, आणि त्याला दोन आठवडे तरी जातात. जुनाट संसर्गात ताप नसणं हे नवल नव्हे. वाहतं भोक हीच शरीराने काढलेली मोरी असते. पू बाहेर जातो म्हणून ताप चढत नाही.

त्यातून कंबरेचं हाड खोल. बाहेरून कुल्ल्याचे जाड स्नायू, आतून मूत्राशय, आतडी आणि मोठ्या रक्तवाहिन्या. नडगीच्या हाडात पू झाला तर नडगी लाल होऊन सुजते, शेजारणीलाही दिसते. इथला पू स्नायूंच्या पदरांतून कुठेही वाट काढतो, जांघेत, मांडीत, कुल्ल्यात, पाठीमागे कण्याशेजारी. दुखणं एका ठिकाणी आणि रोग दुसऱ्याच ठिकाणी. मग सायटिकाच्या गोळ्या चालू होतात, कुणाची अपेंडिक्सची सोनोग्राफी होते.

मामा: बरं, संसर्ग आहे हे मान्य. मग गोळी देऊ नका कशाला? संसर्ग आहे म्हणूनच द्यायची ना?

भाची: कुणाविरुद्ध द्यायची ते ठाऊक आहे का? हातापायात बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस निघतो. कंबरेत तो असतोच, पण आतडं आणि लघवीचा मार्ग शेजारी, त्यामुळे ई. कोलाय, क्लेब्सिएला, एन्टरोकॉकस, सुडोमोनास, कधी दोन-तीन मिळून. त्यातले बरेचसे दवाखान्यात राहून निर्ढावलेले. तुमच्या त्या गोळीने त्यातले दुबळे मरतात, दांडगे राहतात. आणि वाईट म्हणजे उरलेले इतके दबून बसतात की मी हाडाचा तुकडा कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, लावला तर काहीच उगवत नाही. मी लिहिते ‘जंतुवाढ नाही’. सर्जन समजतो जंतूच नाहीत.

मामा: म्हणून मी भोकातून कापसाची काडी फिरवून कल्चरला पाठवलीच होती. स्टॅफिलोकॉकस आला. त्यावर औषध दिलं.

भाची: काडीवर भोकाच्या तोंडाशी बसलेले भाडेकरू येतात. आतला मालक वेगळा असू शकतो. अमेरिकेत मॅकोवियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये जुनाट हाडसंसर्गाच्या पेशंटांत दोन्ही तपासण्या ताडून पाहिल्या. ऑपरेशनमध्ये हाडातून मिळालेला जंतू भोकाच्या नमुन्यात फक्त ४४ टक्के वेळा सापडला. निम्म्याहून कमी! नाणं उडवलं असतं तरी बरं.

मामा: स्टॅफ आला तर तो बहुधा खरा असतो, असंही त्यात होतं ना? मीही वाचतो अधूनमधून.

भाची: होतं. पण स्टॅफ खरा असला तरी तो एकटाच आहे हे कुठे सिद्ध झालं?

मामांनी मुद्दा बरोबर पकडला होता, भाचीनेही तो सोडवला. पण खरी अडचण पुढे आहे. खोलवरचा नमुना घ्यायचा म्हणजे सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुई घालायची, नाहीतर ऑपरेशनच करायचं. आणि त्याआधी, पेशंटची तब्येत स्थिर असेल तर, साधारण दोन आठवडे प्रतिजैविक बंद ठेवायचं, म्हणजे दबलेले जंतू डोकं वर काढतील. या दोन आठवड्यांवरूनच मामांचा आवाज चढतो.

मामा: दोन आठवडे बिनऔषधाचे! तुझ्या पुस्तकात दोन आठवडे असतात. माणमध्ये त्याचे दोन महिने होतात. औषध बंद करून तो सरकारी दवाखान्यात जातो. तिथे एमआरआयची तारीख पुढच्या आठवड्याची. एमआरआय झाला की ओपीडी फक्त अमुक वारी. मग ऑपरेशनची यादी भरलेली. तेवढ्यात रिपोर्ट जुना झाला, नवा आणा. यात त्याचा पू वाढला, एका रात्री थंडी वाजून ताप भरला आणि रक्तदाब खाली गेला, तर तो तुझ्याकडे येत नाही, माझ्या दाराशी येतो.

भाची: थंडी-ताप, दमलेला श्वास, घसरता रक्तदाब, लघवी कमी, भोवतीची कातडी लाल होत पसरतेय, अशा वेळी कुणी थांबा म्हणत नाही. रक्ताची दोन-तीन कल्चर घ्यायची, त्याला दहा मिनिटं लागतात, आणि लगेच शिरेतून औषध. थांबायचं ते थांबण्यासारखा पेशंट असेल तेव्हाच.

मामा: मग मला तारीख दे. औषध बंद करण्याचा दिवस आणि नमुना घेण्याचा दिवस एकाच कागदावर लिहून दे. तेवढं केलंस तर मी गोळीला हात लावत नाही.

भाची यावर गप्प राहते, कारण ऑपरेशनची यादी तिच्या हातात नसते. मला विचाराल तर सगळ्या वादाचा खिळा इथे आहे. औषधाविना थांबणं हा उपचाराचा भाग असेल तर त्यालाही शस्त्रक्रियेसारखी तारीख हवी, जबाबदार माणूस हवा, रात्री-अपरात्री लागणारा एक फोन नंबर हवा. नुसतं थांबा म्हणणं सोपं आहे, थांबण्याची किंमत ज्याला मोजावी लागते तो खोलीभाडं भरणारा माणूस असतो.

मामा: आणि टीबी? आपल्या देशात न भरणारी जखम म्हणजे टीबी, असं आमच्या सरांनी शिकवलं. मी कित्येकांना टीबीचं औषध चालू करून बरं झालेलं पाहिलंय.

भाची: आपल्याकडे कंबरेच्या सांध्यात टीबी होतो, ते डोक्यात ठेवलंच पाहिजे. पण नुसतं बरं झालं म्हणून टीबी होता, हे कसं ठरवता? टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं. ते स्टॅफिलोकॉकसलाही मारतं. साधा स्टॅफ असलेल्या पेशंटला टीबीचं औषध दिलंत तर महिनाभरात त्याचं भोक सुकेल, वजन वाढेल, आणि सगळे म्हणतील टीबीच होता. मग सहा महिन्यांनी परत वाहतं तेव्हा म्हणतात औषध न जुमानणारा टीबी!

मामा: हे मात्र मी असं कधी पाहिलं नव्हतं.

भाची: म्हणून तर हाडाच्या तुकड्यावर टीबीची जनुकीय चाचणी करा, दोनेक तासांत मशीन उत्तर देतं. हाडात टीबीचे जंतू विरळ असतात, म्हणून ‘नाही’ आलं तरी तेवढ्यावर सुटका नाही. द्रव माध्यमातलं कल्चर लावा, त्याला सहा आठवडे लागू शकतात, आणि एक तुकडा पॅथॉलॉजीला द्या. टीबीचेच चुलत भाऊ असलेले, पाण्यात-मातीत राहणारे काही जंतू नीट निर्जंतुक न झालेल्या अवजारांतून जखमेत जातात. त्यांच्यावर नेहमीचं टीबीचं औषध पुरत नाही. ते मुद्दाम शोधल्याशिवाय सापडतच नाहीत.

एका तपशिलावर भाची नेहमी चिडते आणि ते चिडणं रास्त आहे. ऑपरेशनमध्ये सर्जन मेहनतीने हाडाचे तुकडे काढतो आणि सगळे एकाच बरणीत, फॉर्मलिनमध्ये टाकले जातात. फॉर्मलिनमध्ये गेलेला तुकडा पॅथॉलॉजीला चालतो, कल्चरला मेलेला. सारं ऑपरेशन वाया. रीत अशी आहे की निरनिराळ्या जागांवरून किमान पाच खोल नमुने घ्यायचे, प्रत्येकाला स्वच्छ वेगळं अवजार, प्रत्येकाची वेगळी बाटली, कल्चरचे तुकडे सलाइनच्या निर्जंतुक बाटलीत आणि लगोलग प्रयोगशाळेत. दोन स्वतंत्र नमुन्यांत एकच जंतू आला तर तो खरा धरायचा. पाचांपैकी एकाच बाटलीत कातडीवरचा सामान्य जंतू आला तर तो वाटेत मिसळलेला असण्याची शक्यता जास्त. आणि दोन दिवसांत काही उगवलं नाही म्हणून बाटल्या फेकायच्या नाहीत. धातूला चिकटून राहणारे काही जंतू संथ वाढतात, त्यांना चौदा दिवसांपर्यंत मुदत द्यावी लागते.

मामांच्या सासऱ्यांची गोष्ट इथे निघाली, तीही घेऊ. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, महिन्याभराने लघवीच्या पिशवीच्या पुढच्या हाडात असह्य वेदना, मांड्या जवळ घेताच ओरडणं. कंबरेची दोन्ही हाडं समोर जिथे जुळतात तिथली ही दुखण्याची जागा. न्यूयॉर्कचे मूत्ररोग शल्यविशारद एडविन बीअर यांनी १९२४ मध्ये अशा दुखण्याचं पहिलं वर्णन केलं, लघवीच्या मार्गाच्या ऑपरेशनानंतरचं. ते जंतूंविना सुजेने होतं तेव्हा विश्रांती आणि सूज उतरवणारी औषधं पुरतात. पण हुबेहूब तसंच दुखणं जंतूंमुळेही होतं, आणि मग दिलेलं स्टेरॉइड आगीत तेल ठरतं. दोन्हींचा एमआरआय पुष्कळदा सारखाच दिसतो. निवाडा सुईने काढलेल्या तुकड्यावर होतो. ज्यांना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेत त्यांच्यात लघवीच्या मार्गातून हाडापर्यंत गळती लागलेली असू शकते. ती गळती बंद केल्याशिवाय कितीही भारी औषध दिलं तरी हाड कोरडं होत नाही. कण्याच्या ऑपरेशनात कंबरेच्या कडेवरून हाडाचा तुकडा कलम म्हणून घेतात, तिथेही कधी पू होतो. पण ती जागा वरवर असल्याने लवकर कळते आणि सहसा लवकर आटोपते.

मामा: माझे वडील एचएमध्ये होते, तुला माहीतच आहे. पेनिसिलिनच्या टाक्यांवर. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत ही एचए, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, उभी राहिली, सरकारी क्षेत्रातला असा पहिला कारखाना. ते सांगायचे, आधी लोक गळवाने मरायचे, आम्ही बाटली भरली आणि मरायचे थांबले. मी त्या घरातला. औषध हातात असताना थांब म्हणणं माझ्या रक्तात नाही.

भाची: त्याच पेनिसिलिनला आज बहुतेक स्टॅफ दाद देत नाहीत, मामा. ते शोधणाऱ्या फ्लेमिंगनेच नोबेलच्या भाषणात, १९४५ मध्येच, अपुऱ्या डोसचा धोका सांगितला होता.

मामा: आणि १९४१ मध्ये ऑक्सफर्डचा तो पोलीस, अल्बर्ट अलेक्झांडर? पेनिसिलिनने सुधारत होता, औषध संपलं आणि गेला. त्याला थांबायला सांगून चाललं असतं का?

भाची: नसतं. पण तो जीवघेण्या तीव्र संसर्गात होता. आपला पेशंट भोक पुसत कामावर जायचं म्हणतोय. दोघांना एकच नियम लावू नका.

इथून पुढे वादाचा नूर पालटतो, कारण मामांनी आपल्या बाजूचा एक तगडा पुरावा आणला.

मामा: सहा आठवडे शिरेतून इंजेक्शन, म्हणजे सहा आठवडे दवाखान्यात, ही तुमचीच जुनी रीत ना? मग ब्रिटनमधल्या २६ रुग्णालयांनी १,०५४ पेशंटांवर चाचणी केली, २०१९ मध्ये छापून आली. ओव्हिवा तिचं नाव. पहिले सहा आठवडे निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना गोळ्या. वर्षाअखेर इंजेक्शनवाल्यांत १४.६ टक्क्यांना अपयश, गोळीवाल्यांत १३.२ टक्क्यांना. म्हणजे गोळी कमी नाही! मी जन्मभर तेच म्हणतोय.

भाची: चाचणी फार मोलाची आहे. तिच्यामुळे कित्येक पेशंट आठवड्याभरात घरी जाऊ शकतात. पण त्या पेशंटांपैकी बहुतेकांचं आधी ऑपरेशन झालं होतं, मेलेलं हाड आणि पू काढला होता. गोळी कोणती ते संसर्गाच्या तज्ज्ञांनी ठरवलं, पुष्कळदा जंतू ओळखून. ब्रिटनमध्ये औषधांना न जुमानणारे आतड्यातले जंतू आपल्यापेक्षा कमी. आपल्याकडे कधी कधी असा क्लेब्सिएला निघतो की त्याच्यावर चालणारी गोळीच नसते, शिरेतूनच द्यावं लागतं. ओव्हिवाने गोळीला न्याय दिला, अंदाजाला नाही.

गोळ्या झाल्या तरी त्या साध्या नव्हेत. प्लेटवर बसलेल्या स्टॅफिलोकॉकससाठी रिफाम्पिसिन फार उपयोगी, कारण धातूवर जंतू जो चिकट थर धरतात त्यात ते शिरतं. पण ते कधीच एकटं द्यायचं नाही, जंतू काही दिवसांत त्याला सरावतात. जखम वाहत असेपर्यंत सुरू करायचं नाही. आणि आपल्या देशात ते द्यायच्या आधी टीबी नाही याची खात्री करायचीच, नाहीतर एकट्या रिफाम्पिसिनने टीबीच्या जंतूंना शिकवल्यासारखं होतं. लिनेझोलिड तोंडाने घेता येतं, हाडात पोचतं, पण दोन आठवड्यांपुढे रक्तपेशी घटू लागतात. दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, महिन्यांवर गेलं तर पायांच्या नसा आणि डोळ्यांवरही लक्ष. ॲमिकासिन किडनी आणि कानावर येऊ शकतं. हे सगळं मामांसारख्या गावातल्या डॉक्टरशिवाय निभत नाही. पिंपरीचं रुग्णालय औषध लिहून देईल, पण दर आठवड्याला रक्त कोण तपासणार?

शस्त्रक्रियेबद्दल दोघांत फारसं भांडण नाही, म्हणून तिथे थोडक्यात. मेलेल्या हाडाला रक्तपुरवठा नसतो, तिथे औषध पोचतच नाही. ते हाड काढावं लागतं, उरलेल्या हाडातून रक्ताचे लाल ठिपके दिसेपर्यंत. नडगीचा असा तुकडा काढला तर इलिझारोव्हच्या कड्या लावून हाड परत वाढवता येतं. कंबरेत ती सोय नाही. तिथे जांघेच्या हाडावरून जाणारी एक आडवी रक्तवाहिनी आहे, ती तुटून होणाऱ्या रक्तस्रावाने जीव गेल्याने शरीररचनाकारांनी तिला ‘मृत्यूचा मुकुट’ असं लॅटिन नाव ठेवलं. मागच्या बाजूला पायाची मोठी नस. म्हणून हे ऑपरेशन अनुभवी हातांतच व्हावं, शेजारी प्लास्टिक सर्जन असावा, कारण पोकळी भरायला जिवंत स्नायू फिरवून आणावा लागतो. कधी प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचे किंवा कॅल्शियम सल्फेटचे मणी तिथे ठेवतात, ते जागच्या जागी औषध सोडत राहतात.

मामा: प्लेट काढणार का? तो तेवढंच विचारतो. काढली तर पुन्हा खुबा सुटेल अशी त्याला धास्ती.

भाची: हाड जुळलं नसेल आणि प्लेट घट्ट असेल तर सहसा ठेवतात. सफाई करतात, औषधाने जंतूंना दाबून ठेवतात, हाड जुळलं की मग प्लेट काढतात. प्लेट ढिली झाली असेल तर ठेवण्यात अर्थ नाही, ती हलते तसा संसर्ग वाढतो. ढिली आहे की नाही हे सीटी स्कॅनमध्ये कळतं. एमआरआयमध्ये धातूभोवती सावल्या पडतात, टायटॅनियमने कमी, स्टीलने जास्त. म्हणून कोणती प्लेट बसवली त्याचा कागद जपून ठेवा म्हणावं.

मामा: आणि पगार? त्याच्या घरात तो एकटा कमावता.

भाचीकडे याचं उत्तर नव्हतं, मामांकडेच होतं. त्याच्या पगारातून कर्मचारी राज्य विमा योजनेचे पैसे कापले जातात. महिन्याला एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ठेकेदारामार्फत असला तरी ते लागू. आजारपणात वर्षाला ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. पण अपघात कामामुळे झाला असेल तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ पगाराच्या ९० टक्के, आणि अपंगत्व असेपर्यंत. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही २०१० च्या दुरुस्तीपासून कामाचाच धरला जातो, वेळ-जागा जुळत असेल तर. पहाटेच्या शिफ्टला जाताना उडवला गेलेला माणूस त्यात बसतो. त्याच्या ठेकेदाराने अपघाताची माहितीच कळवली नव्हती. मामांनी पोलिसातली नोंद, शिफ्टचं हजेरीपत्रक आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत एकत्र करून त्याला चिंचवडच्या मोहननगरमधल्या राज्य विमा रुग्णालयात पाठवलं. पगाराचा प्रश्न मार्गी लागायला सुरुवात झाली आणि तोच माणूस, जो दोन आठवडे थांबायला तयार नव्हता, तयार झाला.

माझं मत भाचीच्या बाजूने आहे, मामांच्या अटीवर. जंतू ओळखल्याशिवाय कंबरेच्या हाडाला गोळी घालणं म्हणजे अंधारात लाठी फिरवणं, आणि ती लाठी पुढच्या तपासणीवरच बसते. पण तारखेविना थांबायला सांगणारा डॉक्टरही अर्धंच काम करतो.

तुमच्या घरात कुणाचं कंबरेचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल आणि महिन्या-दोन महिन्यांनी व्रण वाहू लागला, जांघेत दिवसेंदिवस ठणका वाढू लागला, तर औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविक आणू नका. आधीच घेत असाल तर स्वतःच्या मनाने बंदही करू नका, कोणतं आणि कधीपासून घेतलं ते लिहून डॉक्टरला दाखवा. थंडी वाजून ताप आला, धाप लागली, ग्लानी आली तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. डिस्चार्ज कार्ड, प्लेटचा कागद आणि सगळे जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. आणि नमुना घ्यायला नेतील तेव्हा, लाज न बाळगता, दोनच गोष्टी विचारा: किती तुकडे घेणार, आणि त्यातले कल्चरचे तुकडे फॉर्मलिनमध्ये न टाकता सलाइनमध्ये जाणार ना?